हार घातलेली बास गिटार

मित्रांनो, भिंतीवर टांगलेली वस्तू सुखात असते, असं तुम्हाला वाटत असेल. मी सांगते, तसं अजिबात नसतं. मी चार जाड तारांची बास गिटार. माझा जन्म कोलकात्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी नागपूरला लग्नांच्या ऑर्केस्ट्रात होते. धूळ सोसली, टेम्पोतले धक्के सोसले. पण वाजत होते.

मग नीलकंठरावांनी मला घेतलं. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, त्यांची रायपूरला नोकरी लागली आणि मी तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरी आले. नीलकंठरावांना फंक संगीताचं विलक्षण वेड. अमेरिकेतल्या ज्या काळ्या वादकांनी ते संगीत घडवलं, त्यांची नावं त्यांना तोंडपाठ. पाहुणा आला की चहाच्या आधी व्याख्यान सुरू!

"जेम्स ब्राऊननं पहिल्या ठोक्यावर जोर दिला, समजून राहिले ना? सारी गंमत तिथंच आहे!"

पाहुणे मान डोलवत आणि मी भिंतीवर चरफडत असे. अहो, तो ठोका वाजवायला मी इथे आहे ना! पण मला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. नीलकंठराव स्वतःही लावत नसत. रोज उदबत्ती मात्र ओवाळत. धुराने मी काळवंडले. तारांना गंज चढला.

"पूजा पुरे करा. तिले वाजवा तरी," त्यांची बायको पद्मिनीताई म्हणत.

"हव," नीलकंठराव म्हणत आणि पुन्हा उदबत्ती लावत.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात जेम्स ब्राऊन वारले. नीलकंठराव त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला. मलाही नेलं. कशाला? तर टेबलावर झेंडूचा हार घालून ठेवायला! वाजवणार होते बासवादक गुलाबराव, त्यांच्या स्वतःच्या बास गिटारवर. ती ऐन वेळी मुकी झाली. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते द्या ना, भैया."

"तिले हात नाही लावायचा!" नीलकंठराव माझ्यासमोर आडवे उभे राहिले.

"मग फंक काय टेबलावर वाजवू?"

लोक उठायला लागले. तेव्हा पद्मिनीताई तरातरा पुढे आल्या.

"माणूस गेला हो. गिटार जिवंत आहे. तिले काहून हार घातला?"

त्यांनी हार ओढून काढला आणि मला गुलाबरावांच्या हातात दिलं. नीलकंठराव बाजूला सरकले.

पहिला सूर अगदी घोगरा निघाला. मला लाज वाटली. गुलाबरावांनी खुंट्या पिळून तारा जुळवल्या, पुन्हा आघात केला. ड्रमने मला पकडलं, मी ड्रमला. दारापर्यंत गेलेले लोक वळले. एक आजोबा तर उभ्या उभ्या खांदे हलवू लागले. नीलकंठराव डोळे पुसत होते आणि त्यांचा पाय जमिनीवर धपाधप पडत होता.

आता गुलाबराव नीलकंठरावांना शिकवतात. मला नव्या तारा मिळाल्या आहेत. पण काय सांगू मित्रांनो, हा माणूस फार वाईट वाजवतो! बोटं घसरतात, ताल सुटतो, शेजारी खिडक्या लावून घेतात. मी रोज वैतागते.

तरीही तुम्हाला विनवते, ज्या वाद्यावर तुमचं प्रेम असेल, ते पुसा, जपा आणि भिंतीवरून खाली उतरवून वाजवा. चुकीचं वाजवलंत तर ते ओरडेल. ओरडू द्या. त्यासाठीच तर आम्हा वाद्यांना घडवलं आहे.