जुन्या पत्त्यावरची तारीख

फोन आला तेव्हा प्रसेनजित पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होता. पलीकडून मेडशीच्या प्रयागबाई बोलत होत्या. चौदा वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच फोन केला होता.

"तुहं ते 'आज' चालून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या.

त्याला आधी काही उमगेना. मग आठवलं.

२००८ साली, कॉलेजातून नुकताच सुटलेला जवळच्या जऊळक्याचा प्रसेनजित मेडशीत प्रयागबाईंच्या समोरच्या खोलीत संगणकाचा क्लास चालवायचा. दुपारी पोरं गेली की प्रयागबाई पदराला हात पुसत येऊन बसायच्या. सात एकर शेती त्या स्वतः पाहायच्या. त्यांच्यासाठी त्याने एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता, 'आज' नावाचा. उघडला की आधी तारीख दाखवायचा, मग मागच्या वर्षांत त्याच तारखेला त्यांनी लिहिलेलं, आणि शेवटी विचारायचा, "आज काय झालं?" मराठी टाईप करायची सोय नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. एका बोटाने अक्षरं शोधता शोधता प्रयागबाई ती लिपी शिकल्या. दोन वर्षांनी क्लास बंद झाला. तो पुण्याला गेला, एक संगणक तिथेच राहिला.

"काकू, तुमी अजून लिहिता?"

"मंग? थांबाले कोनं सांगतलं व्हतं?"

दिवाळीनंतर तो मेडशीला उतरला. सोयाबीन घरात आलं होतं, तुरी फुलावर होत्या. प्रयागबाईंच्या सुनेने, रूपालीने, झालेलं सांगितलं. जुना संगणक उन्हाळ्यात बंद पडला. मालेगाव या तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याने त्यातलं सगळं नव्या संगणकात आणून दिलं. पण 'आज' उघडला की इंग्रजीत एक ओळ यायची आणि तो बंद व्हायचा.

प्रसेनजितने अर्ध्या तासाचं काम धरलं होतं. पण मूळ कोड त्याच्याकडे उरला नव्हता. बाविसाव्या वर्षीच्या हुशारीने त्याने नोंदीही स्वतःच्याच पद्धतीने साठवल्या होत्या, आणि ती पद्धत तो साफ विसरला होता. प्रोग्राम चालला तरच नोंदी वाचता येणार होत्या. एखादी जुनी फाइल कमी पडत असेल म्हणावं, तर तेही नाही. तेव्हा मेडशीत इंटरनेट नव्हतं, म्हणून लागणारं सगळं त्याने प्रोग्रामच्या पोटातच भरून दिलं होतं. रूपालीचा दोनदा चहा झाला. शेवटी कर्नलच्या संदेशांमध्ये त्याला कारण सापडलं.

"काय म्हन्ते?" प्रयागबाईंनी विचारलं.

"कर्नल म्हंजे या मशीनचा कारभारी, काकू. आपला प्रोग्राम बाकी सगळं आपलं आपण करते, पन तारीख त्याले कारभाऱ्यालेच विचारा लागते. पयले ते विचाराचा पत्ता पक्का ठरेल व्हता. तो चोरट्यायलेबी ठाऊक झाला, म्हनून नव्या कर्नलमदी तिथचं दार बंद केलं. आपला प्रोग्राम अजून त्याच दारावर जाऊन राह्यला."

"मंग खोल ना दार."

"खोलता येते. ज्यायनं बंद केलं, त्यायनंच जुन्या प्रोग्रामसाठी सोय ठेवेल हाय."

मेडशीचं नावही न ऐकलेल्या कुणीतरी, असे जुने प्रोग्राम कुठेतरी चालत असतील, एवढा विचार केला होता.

संगणक सुरू होतानाच्या सूचनांमध्ये त्याने एक शब्द घातला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. 'आज' उघडला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांतल्या मराठी ओळी उतरल्या.

२००९. हरभरा पेरला. प्रसेनजितनं पोराइले चिवडा वाटला.

२०१३. रूपालीले पाहाले गेलो. पोरगी बोलकी हाय.

२०१७. बैल विकला. दिवसभर गोठ्याकडे गेली नाई.

"बोलकी?" रूपाली हसली. "आत्याबाई, मले तं तुमी म्हनत व्हत्या, लय चूप बसते म्हनून!"

"घाबरून बसली व्हती तू. मले समजलं व्हतं."

प्रसेनजित तेवढ्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. पुण्यात त्याने कितीतरी प्रोग्राम लिहिले होते. दोन-तीन वर्षांत ते काढून नवे बसवले जायचे, कित्येकांची नावंही आता आठवत नव्हती. हा ओबडधोबड प्रोग्राम मात्र एक बाई रोज उघडत होती. त्या खोलीतला खडूचा वास, पोरांचा गलका, खिडकीतून दिसणारी येष्टी, सगळं त्याला आठवलं.

तो मुक्कामी राहिला. दुसऱ्या दिवशी संगणकाची तारीख एकेक दिवस पुढे सरकवून त्याने वर्षभराच्या सगळ्या नोंदी साध्या फाइलमध्ये उतरवून घेतल्या आणि दोन पेन ड्राइव्ह रूपालीच्या हातात दिले.

"हे दार कवा तरी कायमचं बंद होईन, काकू. तवा हे कामी येईन."

"होवो. मी हाय तवरक राह्यलं तं झालं."

तो निघाला तेव्हा प्रयागबाई संगणकापुढे होत्या. उठल्या नाहीत.

"रूपालीनं भाकर बांधून ठेवली हाय, घेऊन जाय," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या आणि एका बोटाने लिहीत राहिल्या.