सातव्या पानावरचे आप्पासाहेब

दैनिक 'गिरजातीर'चे तरुण मालक ऋतुराज यांनी तनुजाला नोकरीवर घेताना एकच अट घातली होती. दिवाळीपर्यंत तुझं ते गणित चालवून दाखव. चाललं तर नोकरी पक्की, नाही तर राम राम. तनुजानं गणितात एमएस्सी केलं होतं. पुण्याची एक कंपनी तिला चांगला पगार देऊन बोलवत होती, आणि घरचेही जा म्हणत होते, पण तिला पुण्याला जायचं नव्हतं. कारण विचाराल तर काही थोर नव्हतं. तिला करमाडला आपल्या घरी राहायला आवडायचं, एवढंच. सकाळी बसनं शहरात यावं, दिवसभर आकड्यांशी झटापट करावी आणि संध्याकाळी आईच्या हातची गरम भाकरी खावी, यापेक्षा जास्त सुख पुण्यात कुठल्या मजल्यावर मिळतं, हे तिला कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

तिचं गणित म्हणजे जाहिरातींची मांडणी. वर्तमानपत्राचं पान ठरावीक मापाचं. जाहिराती मात्र उभ्या, आडव्या, बुटक्या, पसरट. प्रत्येकीचा दर पानागणिक वेगळा. त्यात पुन्हा रुसवेफुगवे. दोन सराफ एका पानावर नकोत. एका क्लासवाल्याला दुसऱ्याचं तोंड बघायचं नसतं. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या दोघांचे फोटो चुकून समोरासमोर आले, की दुपारच्या आत दोघांचेही कार्यकर्ते पेपरच्या गुलमंडीतल्या ऑफिसचा जिना चढून हजर. हे सगळं आजवर ऑफिसातले जुने सुदर्शनकाका पेन्सिल घेऊन जुळवत आले होते. जुळवूनही फटी राहायच्याच. मग त्या फटींत 'पाणी जपून वापरा' असं छापायचं, तेही नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नसलेल्या शहरात.

तनुजानं या रुसव्याफुगव्यांचे नियम केले, ते संगणकाला दिले आणि सांगितलं, एवढे पाळ आणि जास्तीत जास्त पैसे मिळतील अशी मांडणी शोधून काढ. संगणक बिचारा ना थकत होता, ना चहाला उठत होता. त्यानं हजारो मांडण्या चाळून एक काढली. फटी बुजल्या, पहिल्या पानावरच्या महागड्या जागा महागड्याच जाहिरातींना मिळू लागल्या आणि महिनाअखेर ऋतुराजच्या चेहऱ्यावर चक्क हसू दिसलं. सुदर्शनकाकांना राग यायला हवा होता. पण ते म्हणाले, "पोरी, लई उपकार झाले बघ. आता मी दिवेलागणीला घरी जायलो. नातू वळखायला लागला मला." आणि पिशवी उचलून निघालेसुद्धा.

आता या मांडणीत सातवं पान होतं दुःखाचं. श्रद्धांजली, दशक्रिया, पुण्यस्मरण हे सगळं तिथं, आणि पानाभोवती जाड काळी चौकट. कुठली जाहिरात दुःखाची, हे संगणकानं शब्दांवरून ओळखायचं. ते शब्द तनुजानं त्याला शिकवले होते. एकदा कुण्या महाराजांच्या पुण्यतिथीच्या जाहिरातीत 'चिंतन' असा शब्द आला, तर तिनं तोही त्या यादीत घालून टाकला. चिंतन म्हटलं की माणूस गेलेलाच असणार, असा तिचा समज. तिच्या बरोबरीच्या पोरांच्या वाढदिवसाला चौकात फलक लागत ते 'भाऊचा बड्डे' असे. म्हातारी, मानाची माणसं वाढदिवसाला शुभेच्छा घेत नाहीत, त्यांचं 'अभीष्टचिंतन' होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि नेमकी पिशोरच्या आप्पासाहेबांची एकाहत्तरी आली. आप्पासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर, तालुक्याच्या गावी, कन्नडला ट्रॅक्टरचं दुकान आणि 'गिरजातीर'ला वर्षभर जाहिराती देणारा माणूस. ते नाराज झाले, तर तालुक्यातल्या निम्म्या जाहिराती त्यांच्या मागोमाग जातील, हे ऋतुराज झोपेतही सांगू शकला असता. जाहिरात झोकात होती. मोठा फोटो, गळ्यात झेंडूचा हार आणि खाली 'आदरणीय आप्पासाहेब यांचे अभीष्टचिंतन'. संगणकाला त्यातलं चिंतन तेवढं दिसलं. सातव्या पानावर एवढ्याच मापाची जागा रिकामी होती. आप्पासाहेबांना तिथं बसवल्यामुळे आतल्या पानावर त्यांच्या जागी एक साडीवाला मावला, आणि त्या दिवशीच्या कमाईचा आकडा आजवरचा सगळ्यात मोठा आला. तनुजा त्या आकड्याकडेच बघत बसली. पानं तिनं उघडलीही नाहीत. काका केव्हाच घरी जाऊन नातवाबरोबर जेवायला बसले होते.

सकाळी ऑफिसचा फोन वाजला. तो ऋतुराजनं उचलला.

"मी आप्पासाहेब बोलायलो," पलीकडून आवाज आला. "वरून नाय. पिशोरातूनच बोलायलो."

ऋतुराजनं अंक उघडला, सातवं पान बघितलं आणि खुर्चीत बसला. तनुजानंही बघितलं. फोटो, हार, काळी चौकट. एवढं असल्यावर खालचा मजकूर वाचतो कोण? दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि तिला पुण्याचं ते काचेचं ऑफिस स्पष्ट दिसायला लागलं.

"चल," ऋतुराज गाडीची किल्ली घेत म्हणाला. "माफी मागायला समोर जावं लागतं. आणि हे बघ, तिथं तू काही बोलायचं नाही. प्रेसवाल्याकडून पानांची अदलाबदल झाली, असं मी सांगतो."

तनुजानं मान हलवली.

पिशोरला आप्पासाहेबांच्या दारात ही गर्दी. जीप, मोटारसायकली, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, तोंडाला पदर लावलेल्या बायका. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आसपासच्या वस्त्यांवरून लोकांनी पिठलं-भाकरी आणली होती. घरात वाढदिवसाची बुंदी कालपासूनच तयार होती. त्यामुळे ओसरीवर एका बाजूला पिठल्याची पातेली, दुसऱ्या बाजूला बुंदीची परात, आणि मधे स्वतः आप्पासाहेब, पाटावर मांडी घालून, बशीतून चहा पीत बसलेले. आलेल्यांना रडावं की हसावं कळत नव्हतं. एक म्हातारबा तेवढे ज्याला त्याला सांगत होते, "मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. आता आप्पा काय शंभरीच्या अल्याड जात नाय."

भागूबाईंना, म्हणजे आप्पासाहेबांच्या कारभारणीला, ते काही पटलेलं दिसत नव्हतं. पाहुणे पेपरवाले आहेत हे कळताच त्या तडक पुढं आल्या. "तुमीच का ते? सकाळपासून बायका माझ्या गळ्यात पडून रडायल्यात, आन् हे मागं बसून च्या प्यायलेत! माझं कुंकू काय तुमच्या पेपरातल्या शाईनं पुसायचं ठरवलंय काय?"

ऋतुराजनं हात जोडले. "मावशी, चूक झाली. त्याचं असं झालं, की प्रेसमध्ये…"

तेवढ्यात दारात मोटारसायकल आडवी पडल्याचा आवाज झाला. ती स्टँडवर लावायचंही भान नसलेला एक माणूस पळत आत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. गर्दी आपसूक बाजूला झाली. कुणीतरी तनुजाच्या कानाशी पुटपुटलं, "सोमनाथ. आप्पाचा धाकटा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून शहरात गेला, तवापासून इकडं फिरकला नाय."

"आप्पाऽऽ" म्हणत सोमनाथ ओसरीवर चढला आणि थांबला. समोर आप्पा. हातात बशी.

आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"मेला नव्हतास," सोमनाथ म्हणाला, आणि मग एकदम चिडला, "मेला नव्हतास तर एक फोन नाय करता आला तुला? मी कंपनीच्या गेटवर पेपर बघितला. तिथून इथवर कसा आलो, माझं मला ठावं!"

"जित्तेपणी फोन केला असता," आप्पासाहेब म्हणाले, "तर उचलला असतास?"

बाहीनं तोंड पुसत सोमनाथ उभाच राहिला. मग भागूबाईंनीच दोन ताटं आणली, एक आप्पासाहेबांपुढं आणि एक त्यांच्या पाटाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा भावजी. पिठलं गार व्हायलंय." सोमनाथ बसला. खाली मान घालून दोघं एका रांगेत जेवायला लागले. आणि मघापासून डोळ्यांत टिपूस नसलेल्या भागूबाई आता मात्र खांबाला धरून रडल्या.

तनुजाही रडली. आपण इथं आरोपी म्हणून आलो आहोत, हे ती क्षणभर विसरूनच गेली होती. आप्पासाहेबांनीच तिला आठवण करून दिली.

"हां, तर पेपरवाले. कुणाचं काम हे?"

"प्रेसवाल्याकडून पानांची…" ऋतुराजनं सुरुवात केली.

"माझं," तनुजा म्हणाली. ऋतुराजकडे न बघता ती बोलत गेली. कुठली जाहिरात कुठं लावली तर जास्त पैसे मिळतील हे संगणक ठरवतो, दुःखाचे शब्द त्याला तिनंच शिकवले, आणि त्यात 'चिंतन' कसं गेलं, सगळं.

आप्पासाहेब घास हातात धरून ऐकत होते. "म्हंजे तुझ्या मशिनीला चिंतन म्हंजे मयत वाटलं, व्हय?"

"मशीनला नाही. मला वाटलं. मशीननं माझं ऐकलं."

आप्पासाहेब हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. सोमनाथनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. पाणी पिऊन ते म्हणाले, "उद्या परत छापा. पयल्या पानावर. आन् फोटो आमच्या दोघांचा पायजे. आत्ताच काढ, असाच, जेवताना."

तनुजानं मोबाइलवर फोटो काढला. दोघांच्याही बोटांना पिठलं लागलेलं होतं. मग तिनं धंद्याचा प्रश्न विचारला. अशा जाहिरातीत खाली 'शुभेच्छुक' म्हणून नावं असतात. कुणाची घालायची? ओसरीवर एकदम कुजबूज सुरू झाली. सरपंच पुढं सरकले, सोसायटीचे चेअरमन घसा खाकरायला लागले, ट्रॅक्टरच्या दुकानातल्या मॅनेजरनं खिशातून कागद काढला.

"माझं घाल," सोमनाथ खाली मान घालूनच म्हणाला. "एकट्याचं."

आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि सरपंच जागच्या जागी परत बसले.

परतीच्या वाटेवर तनुजानं मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

"प्रेसवाल्यावर ढकलायचं ठरलं होतं आपलं," ऋतुराज म्हणाला.

"हो सर."

"तसं केलं असतं, तर तो शब्द यादीत तसाच राहिला असता. पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी मेला असता." त्यानं गाडीचा वेग कमी केला. "दिवाळीपर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही तनुजा."

तनुजा खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर कपाशी फुटली होती, पण तिला ती धड दिसत नव्हती.

"गणित चालू राहील. पण आजपासून छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानावर तुझी सही पाहिजे. सही नसेल तर पान हलायचं नाही. आकडा आधी बघायचा नाही, पान आधी बघायचं. जमेल?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. "रोज?" तिनं विचारलं.

"पेपर रोज निघतो आपला," ऋतुराज म्हणाला.

मनात भरलेली बॅग तिनं परत रिकामी केली. मग म्हणाली, "सर, पण पहिल्या पानावर उद्या सराफ आहेत."

"माहीत आहे," ऋतुराज दात खाऊन म्हणाला. "त्यांना मी फोन करतो."

ऑफिसात आल्यावर तनुजानं आधी यादीतलं 'चिंतन' काढून टाकलं. मग दोन भावांचा फोटो स्वतःच्या हातानं पहिल्या पानावर लावला आणि संगणकाला सांगितलं, ही जाहिरात हलणार नाही, बाकीच्यांना हिच्याभोवती बसव. संगणकानं मुकाट्यानं सराफांना तिसऱ्या पानावर नेलं, एका गादीवाल्याला उभ्याचा आडवा केला आणि आकडा काढला. कालच्यापेक्षा बराच कमी होता. ऋतुराजनं तो बघितला, एक सुस्कारा सोडला आणि असू दे म्हणाला.

तनुजा पहिल्या ओळीपासून वाचत गेली. सातव्या पानावरचा एकेक माणूस खरंच गेलेला आहे ना, याची तिनं फोन करून खात्री केली. ज्यांना फोन केला त्यांच्याशी दोन शब्द बोलली. मग पेन घेऊन प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही केली, आणि पहिल्या पानावर जरा ठळक केली.