बारा महिन्यांची गाडी

"काकू, विकत घेतलीत तर कायमची तुमची. लीजवर घेतलीत तर वापरायची आणि मुदत संपली की परत. बोला, काय करायचं?" शोरूममधल्या सेल्समनने विचारलं आणि पाण्याचा दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

न मागता दुसऱ्यांदा पाणी देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. पण त्या दिवशी माझा खरा संशय त्याच्यावर नव्हताच. तो शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांच्यावर होता.

ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. ताशी चाळीसच्या वर काटा कधी जाऊ दिला नाही. असा माणूस निवृत्त होऊन दोन महिने होत नाहीत तोच म्हणतो, स्पोर्ट्स कार घ्यायची. तीही लालभडक आणि दोनच सीटांची! लेक, जावई, नातू काय टपावर बसणार?

त्यात दर गुरुवारी दुपारी हे "जरा जाऊन येतो" म्हणून गायब व्हायचे. कुठे विचारलं तर "इथंच." इस्त्रीचा शर्ट घालून कोणी 'इथंच' जात नाही, एवढं छत्तीस वर्षांच्या संसारात मला कळतं. दोन सीटा आणि गुरुवार यांची बेरीज मी मनातल्या मनात करून बसले होते, आणि उत्तर काही बरं येत नव्हतं.

"लीजवरच," हे म्हणाले. "एका वर्षासाठी."

सेल्समनचा चेहरा पडला. मी कान टवकारले. शेजाऱ्याची शिडी मागून आणायला लाजणारा हा माणूस आणि परतबोलीची गाडी?

"वर्षानं काय होणारे?" मी विचारलं.

"कंटाळा येईल."

"तुम्हाला? एकाच चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेता तुम्ही!"

सेल्समन हसला. हे हसले नाहीत.

मी हॉस्पिटलच्या औषध भांडारात नोकरी केली. खोकं हातात आलं की आधी शेवटची तारीख बघायची, बाकी सगळं मग, ही सवय अंगात मुरलेली. मी लीजचे कागद ओढले आणि थेट शेवटचं पान उघडलं. गाडी सहा मार्चच्या आत परत करायची होती. वर्षाला पाच दिवस कमी.

"सहा मार्चच का?"

"सरांनीच सांगितलं," सेल्समन भाबडेपणाने म्हणाला. "त्यांचं लायसन्स तेवढ्यापुरतंच आहे ना. डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळालेलं."

ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो फॉर्म आणायच्या निमित्ताने उठूनच गेला.

"कसला दाखला?"

"डोळ्यांचा. गुरुवारी तिकडेच जात होतो." हे गाडीकडे बघत बोलत होते. "बाजूचं दिसेनासं होतंय. चष्म्यानं भागणारं नाही. सध्या नियमात बसतं म्हणून वर्षाचं दिलं."

"वर्षानं परत तपासतील की."

"तपासू देत. मी नाही मागायला जाणार. आरशात बघितलं नाही म्हणून किती जणांना मी परीक्षेला पाठवलं नाही. ज्याला आरसाच नीट दिसत नाही, त्याला कसा पाठवू?"

मला आधी राग आला, मग रडू. जन्मभर संशय घेतला, पण घ्यायला हवा होता तिथे घेतलाच नाही. हे जिना उतरताना भिंतीला हात लावायला लागले होते. मी समजले, गुडघे दुखत असतील. लाज वाटली मला माझी.

"आणि दोनच सीटा त्या कशाला?"

"आपण दोघंच तर आहोत."

"मग विकतच घेऊ," मी डोळे पुसत म्हटलं. "नंतर राहू दे दारात उभी."

"नको. दारात दिसली की किल्ली उचलावीशी वाटेल. एखाद्या दिवशी उचलीनही. माझा माझ्यावर भरवसा नाही."

सेल्समन फॉर्म घेऊन आला. ह्यांनी तो ओळीवर बोट ठेवून सावकाश भरला. शेवटी एक ओळ उरली. मुदतीअखेर गाडी परत आणून देणाऱ्याचं नाव. ह्यांनी त्यात माझं नाव लिहिलं.

"अहो, मला कुठे चालवता येते?"

सेल्समन आळीपाळीने आमच्याकडे बघायला लागला. त्याला काय ठाऊक? अख्ख्या गावाला शिकवणाऱ्या ह्या माणसाने लग्नानंतर मला एकदाच शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच चौकात आमचं असं वाजलं, की मी गाडीतून उतरून चालत घरी आले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

"वर्ष आहे हातात," हे म्हणाले. "ओरडणार नाही."

माझ्या नावापुढे लायसन्सचा नंबर लिहायची जागा होती. ती त्यांनी रिकामी ठेवली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.