एकाच पाण्यातली पानं

पानं धुण्याचा कुणी पगार देतं का, म्हणून माझी जाऊ मला हसते. हस बाई. नऊ वर्षं मी तेच करतेय. पहिलं पाणी नळाचं, दुसरं गाळलेलं, तिसरं डिस्टिल्ड. पान उलटं करायचं, मागच्या लवेवरून हलक्या हाताने अंगठा फिरवायचा, मगच ते वाळवून धातू मोजणाऱ्या मशीनकडे. पानावर बसलेली धूळ मशीनला कळत नाही. ते तीही पानाच्याच नावावर मांडतं.

आमची झाडं जमिनीतलं निकेल पितात. जुन्या खाणीच्या पडीक टेकडीवर लावायची, फुलं धरली की कापायची, वाळवून भट्टीत जाळायची. राखेतून निकेल काढायचं आणि उरलेला पोटॅश शेतांना खत म्हणून द्यायचा. यातली रोपवाटिका माझ्या धाकट्या बहिणीची. अकरा वर्षं ती दर हंगामात सगळ्यात जास्त निकेल पिणारी झाडं हेरून त्यांचं बी धरत आलीय. तिच्या नवऱ्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, पण हिला कुठलं झाड कुठल्या आईचं, ते तोंडपाठ.

यंदा नवे साहेब आले. सगळे त्यांना घाईसाहेब म्हणतात, तोंडावर नाही. येताना बाहेरून रोपं घेऊन आले आणि ती लावली भट्टीला खेटून, पाण्याची सोय आहे म्हणून. मग जाहीर केलं: दोन्हींची पानं तपासू, ज्याचा आकडा मोठा त्याची झाडं सगळ्या टेकडीवर. दुसरी सरसकट भट्टीत. बियाला एकही ठेवायचं नाही, जात भेसळ नको.

धाकटी हसून म्हणाली, "ताई, माझी झाडं पैज जिंकतात बघ."

पानांची दोनशे पाकिटं एका दिवसात आली. घाईसाहेब दारात उभे. "मावशी, एकच पाणी घ्या. दोन्हींना सारखंच, म्हणजे अन्याय कुणावरच नाही."

मला पटलं! हाच तर संताप आहे. मला पटलं, कारण पाचला घरी जायचं होतं आणि कंबर मोडली होती. नोंदवहीत सवयीने 'तीन पाणी' लिहिलं आणि सही ठोकली.

निकाल लागला. साहेबांची झाडं बारा, धाकटीची अकरा. किलोभर सुक्या पानात इतके ग्रॅम निकेल. मी तसेच पडलेले दोन्ही टब घासायला घेतले, तर ज्यात साहेबांची पानं धुतली होती त्याच्या बुडाशी राखाडी गाळ, बोटभर. दुसऱ्याचं बूड स्वच्छ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीशेजारी साचलेली राख! गेल्या हंगामात जाळलेल्या धाकटीच्याच झाडांची राख, पानापेक्षा कितीतरी पटीने निकेल भरलेली. ती उडून साहेबांच्या रोपांवर बसली आणि एका पाण्याने निघाली नाही ती मी तशीच मशीनकडे पाठवली. माझ्या बहिणीची मेहनत तिच्याच विरुद्ध मोजली, आणि मोजायला दिली मी!

प्रत्येक पाकिटातली निम्मी पानं आम्ही न धुता राखून ठेवतो. दोन्हीकडची घेतली, तिन्ही पाण्यांतून काढली, वाळायला ठेवली. धाकटीला काही बोलले नाही. कापणीला आठवडा आहे, आधी आकडा हातात येऊ दे, मग सांगू, असा शहाणपणा केला.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने कागद दिला. साहेबांची बाराची आठ झाली होती. धाकटीची अकराच्या अकरा.

कागद साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"इथे तीन पाणी लिहिलंय. सही तुमची. मग खोटं काय, तेव्हाचं की आत्ताचं?"

"तेव्हाचं! तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. आणा ते पेन." 'एकच पाणी घेतलं, साहेबांच्या सांगण्यावरून, तीन लिहिलं ते खोटं', असं ठळक अक्षरात लिहिलं आणि पुन्हा सही केली. "नोकरी घ्यायची तर घ्या. पण कापणी थांबवा."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "कापणी सकाळीच सुरू झाली, मावशी. भट्टी रिकामी होती."

कसली मेली ती घाई! मी चढ धावत गेले. या वयात, या कमरेने. चाळीस ओळींपैकी तीन उभ्या होत्या. बाकीची झाडं फुलांसकट आडवी, बी धरायच्या आत. आणि विळा धाकटीच्याच हातात. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नव्हता.

"थांब गं! आकडा चुकलाय. तुझीच जिंकली." धापा टाकत सगळं सांगितलं. राख, टब, एक पाणी, पाच वाजता घरी जायचं होतं तेही. काही लपवलं नाही.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विळा खाली ठेवला, कापलेलं एक झाड उचललं, त्याच्या फुलांकडे बघत राहिली.

"दोनशेच पाकिटं होती ना, ताई?" ती म्हणाली. "मला हाक मारायचीस. मी बसले असते धुवायला."