मॉरिसच्या बॉनेटखालचं जंगल

शरच्चंद्रांची मॉरिस मायनर जे. पी. नगरात सगळ्यांच्या ओळखीची होती. उभी हयात सरकारी विमान कारखान्यात इंजिनं दुरुस्त करण्यात गेली, पण स्वतःच्या गाडीला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. हॉर्न बिघडला, ओढ एक वायर. जादा दिवा लावला, ओढ दुसरी. जुनी मात्र काढायची नाही. चिकटपट्टी गुंडाळायची नि पुढे जायचं. मग काचबिंदूनं डोळे गेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. गाडी शेडमध्ये जाऊन बसली.

शहाण्णव साली त्यांची मुलगी यशश्री म्हणाली, "अण्णा, गाडी मी चालवीन. पण बॉनेटखालचं जंगल आधी साफ करायला हवं. डायनामो काढून जास्त वीज देणारा ऑल्टरनेटर बसवते. वायरिंगही सगळं नवं."

ती इलेक्ट्रिकल इंजिनियर. तिला ते जमणार, हे अण्णांना ठाऊक होतं. तरी त्यांच्या जिवावर आलं. जंगल त्यांनीच वाढवलेलं.

"सरी, चालेल," ते शेवटी म्हणाले. "पण निघेल ती वायर माझ्या हातात दे."

झालं, आता प्रत्येक वायरीपायी हुज्जत, असं यशश्रीच्या मनात आलं. रविवारी सकाळी तिनं पहिली वायर कापून त्यांच्या हातात ठेवली. अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही हॉर्नची. तू पोटात होतीस. तुझ्या आईला दवाखान्यात नेताना भर मार्केटात हॉर्न गेला. तिथंच उभं राहून जोडली."

दुसरी दिली.

"वायपरची. मडिकेरीच्या घाटात पट्टी संपली होती. आईच्या वेणीची रिबन बांधली. बघ, असेल."

यशश्रीनं काळा चिकटा नखानं खरवडला. आतून लाल रिबन निघाली. ती वायरीकडे बघतच राहिली. एवढं सगळं या माणसाच्या बोटांत होतं!

पुढची वायर त्यांनी दोनदा चाचपली आणि हसले. "ही कशालाच जोडलेली नव्हती गं. टाक!"

सगळं निघाल्यावर तिनं रॉकेल आणि ब्रशनं इंजिन घासलं. काजळीखालून मूळचा हिरवा रंग वर आला. अण्णांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

"इथवर माझा हात कधीच पोचला नव्हता. केवढी जागा आहे इथं!"

जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातून ऑल्टरनेटर आणला, नव्या वायरी बॉनेटखाली कडेकडेनं सरळ नेल्या. सगळं जोडून होईपर्यंत आणखी काही रविवार गेले. मग मागून उघड्या असलेल्या त्या शेडमध्ये तिनं चावी फिरवली. अण्णा गाडीच्या समोर, शेडच्या पत्र्याला टेकून उभे होते. इंजिन धडधडलं, स्थिरावलं. तिनं हेडलाइट लावले. पूर्वी निरांजनासारखे मिणमिणणारे दिवे आता भक्क पेटले. दोन्ही लागलेत ना, हे बघायला ती पुढून गेली.

"मधून कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

"मीच. का?"

"काहीतरी काळं सरकलं. इकडून तिकडे."

यशश्रीनं वळून त्यांच्याकडे बघितलं. इंजिनाच्या आवाजात पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. ती काही न बोलता दिव्यांपुढून परत निघाली आणि मधेच थांबली. अण्णांचा चेहरा तिच्यासोबत वळत गेला.

"थांबलीस," ते म्हणाले.

ती धावत घरात गेली. "आई, चल! दिव्यांपुढून नुसती चालत जा. बोलू नकोस."

प्रमोदिनीबाई कणकेच्या हातांनी आल्या आणि काही न कळताच दिव्यांपुढून निघाल्या.

"ही तू नव्हेस," अण्णा पुटपुटले. "ही... ही गुडघा सांभाळत चालते."

प्रमोदिनीबाई तिथंच उभ्या राहिल्या. अण्णा दोन पावलं पुढे आले, हात उचलला, आणि तो सरळ त्यांच्या खांद्यावर टेकला. यशश्री बॉनेटला धरून उभी होती. इंजिन चालूच होतं, आणि तिला ते बंद करावंसं वाटेना.