पहिल्या नंबरची सिस्टिम

"आत्या, तीन सिस्टिमची परीक्षा घेतली मी, त्यात ही पहिली आली! तुझी जुनी तर सपशेल नापास," असं म्हणत भाचीने आत्याच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली आणि ती शाळेला पळालीसुद्धा.

आत्या खुशीत पडद्यासमोर बसली. बोटीवर नोकरीला असलेल्या लेकाचा आज व्हिडिओ कॉल येणार होता. दुपारी बोटीने बंदर सोडलं की महिनाभर बोलणं बंद.

घंटी वाजली. आत्याचा हात सवयीने डाव्या कोपऱ्याकडे गेला, तर तिथलं कॉल घ्यायचं हिरवं बटण गायब! वर उजवीकडे एक चौकट सरकत आली आणि माउसचा बाण तिथवर नेईपर्यंत विरूनही गेली. सगळं कसं चकाचक, पण ओळखीचं एक चित्र दिसेल तर शपथ!

"थांब रे राजा, ठेवू नकोस!" ती पडद्यालाच विनवू लागली. घंटी वाजत राहिली आणि थांबली.

संध्याकाळी भाची उड्या मारत आली. "काय आत्या, सोपी आहे की नाही?"

तिचा फुललेला चेहरा बघून आत्याला रागावताही येईना.

"सोपी आहे गं," ती म्हणाली. "मलाच जमली नाही."