यंदा पुऱ्या कोण तळणार?

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. गोल, पत्र्याचा, दुधाच्या पावडरीचा. माझ्या पोटात दूध होतं तेव्हाचं मला फारसं आठवत नाही, लहान होतो. कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि बोटीत बसून मी बहारीनला आलो. व्हिसा लागला नाही.

मुहर्रकमध्ये हारूनच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, मी वरच्या फळीवर उभा होतो. माझ्या अंगावर एका गुबगुबीत गाईचं चित्र होतं. ती गाय इतकी सुखी दिसे, की आत जे काही आहे ते तिनं राजीखुशीनं दिलं असावं असं गिऱ्हाइकाला वाटे. तिथून मला रत्नाबाईंनी घरी नेलं. रत्नाबाई सावंतवाडीकडच्या. त्यांचे यजमान पांडुरंग विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करत. पावडर संपली, मला घासूनपुसून उन्हात ठेवण्यात आलं आणि माझ्या खऱ्या आयुष्याला सुरुवात झाली. मी चिवड्याचा डबा झालो.

ते दिवस वैभवाचे होते. माझं झाकण इतकं घट्ट बसे, की बहारीनच्या दमट हवेतसुद्धा चिवडा कुरकुरीत राही. शिवाय मी हिंडायचो फार. रत्नाबाई मला भरून कुणाकडे पाठवत, आणि मी भरूनच परत येई. कारण मित्रांनो, आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. पोह्यांचा चिवडा घेऊन गेलो, तर शंकरपाळे घेऊन आलो. शेजारच्या खदिजालासुद्धा ही रीत इतकी पटली होती, की तिच्याकडून मी खजुराशिवाय कधी परतलो नाही. मी आयुष्यात रिकामा असा नव्हतोच. माणसांपैकी किती जणांना असं म्हणता येईल?

मग १९८० साल उजाडलं आणि लोकशाहीनं माझ्या डोक्यात स्क्रू-ड्रायव्हर घातला.

झालं असं, की अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होती. टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्यांत विलासनं पाहिलं, की तिकडे मतदार उमेदवारांना देशाच्या धोरणाबद्दल प्रश्न विचारतात आणि उमेदवार घाम पुसत उत्तरं देतात. विलास मुंबईचा, एका कंपनीत ड्राफ्ट्समन, आणि आमच्या मराठी मित्रमंडळाचा तरुण चिटणीस. मंडळाच्याही अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या माणसांना बहारीनमध्ये मत नव्हतं. गावाकडे मत होतं, पण ते द्यायला माणूस गावात नव्हता. त्यामुळे सगळ्यांची वर्षानुवर्षं साठलेली मतं या एका निवडणुकीत बाहेर पडत.

उमेदवार दोन होते. एक गुरुप्रसाद, पुण्याचे, बँकेत अकाउंटंट. साधं ‘या, बसा’ म्हणतानाही त्यात एखादा मुद्दा असे. दुसरा शिवदास, कुडाळचा, मआमीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. त्याचा आवाज असा, की शेजारचं यंत्र बंद पडलं तरी कुणाला कळत नसे.

विलासनं जाहीर केलं, की मतदारांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकावेत. प्रश्न मात्र राष्ट्रीय पातळीचा हवा. पेटी नव्हती. म्हणून तो रत्नाबाईंकडे आला, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या झाकणाला फट पाडायला लागला.

रत्नाबाई आतून धावत आल्या. “अरे मेल्या, माझ्या डब्याक भोक कित्याक पाडतस?”

“लोकशाहीसाठी, काकू.”

“मगे लोकशाहीच्या डब्याक पाड!”

पण तोवर फट पडली होती. मित्रांनो, डब्याच्या आयुष्यात फट ही काय चीज आहे, हे तुम्हाला कळायचं नाही. त्या क्षणापासून मी चिवड्याच्या जगातून कायमचा उठलो. फटीतून हवा येते आणि चिवडा सादळतो. गाय मात्र अजून हसतच होती.

रत्नाबाईंनी फटीवरून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी पदराशी चाळा करत विचारलं, “काय रे विलास, पुऱ्यो राष्ट्रीय असत काय?”

“तळल्यावर होतात, काकू,” विलास गंभीरपणे म्हणाला.

तो गेल्यावर रत्नाबाईंनी कॅलेंडरचा एक कोपरा फाडला, त्यावर एक ओळ लिहिली आणि कागद घडी घालून घालून चण्याएवढा केला. इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्यात टाकला. पहिला प्रश्न त्यांचा होता.

त्याचं कारण सांगतो. दर संक्रांतीला मंडळाचं संमेलन होई आणि त्यात नाटक होई. मंडळाकडे नाटक एकच होतं, कारण कुणाच्या तरी बॅगेतून एकच पुस्तक आलं होतं. ते दरवर्षी होई. सगळ्यांना ते पाठ होतं, काहींना नकोसं झालं होतं. आणि रत्नाबाईंनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. कारण नाटक संपल्यावर जेवण, आणि जेवणात पुऱ्या. हॉलच्या मागच्या खोलीत, भिंतीपलीकडे, कढईसमोर त्या बसलेल्या असत. नाटक त्यांनी फक्त ऐकलं होतं. आता मार्चमध्ये पांडुरंगचं कंत्राट संपत होतं. ही संक्रांत शेवटची. यंदा नाही तर कधीच नाही.

मग मी दौऱ्यावर निघालो. पांडुरंगनं मला मआमीरला कामगारांच्या खोल्यांवर नेलं, तिथून सलमानियात सुनीताकडे. सुनीता तिथल्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होती, आणि रक्त काढताना हात थरथरत नाही म्हणून तिला निवडणूक अधिकारी केलं होतं. वाटेत माझ्या पोटात काय काय पडत गेलं ते ऐका.

परराष्ट्र धोरणावर एकानं विचारलं होतं: शेजारच्या मल्याळी मंडळानं आपली सतरंजी नेऊन वर्ष झालं, ती परत आणण्यासाठी उमेदवार वाटाघाटी करणार की बळाचा वापर? ऊर्जेवर मआमीरहून तातडीचा प्रश्न होता: एसीचं बटण कुणाच्या ताब्यात असावं, बटणाजवळ झोपणाऱ्याच्या की ज्याला उकडतं त्याच्या? जलधोरणावर: नळाचं पाणी मुळातच खारट असताना आमटीत मीठ किती घालावं, याचं राष्ट्रीय प्रमाण ठरवणार का? शिक्षणावर: माझ्या मुलाला मराठी समजतं, पण तो भांडतो इंग्रजीत, वादात मी दरवेळी हरतो, उमेदवारांची भूमिका काय? संरक्षण खात्यावर गच्चीवरच्या कुरडया आणि मांजरं असा विषय होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी, चण्याएवढा तो कागद.

बहुतेक प्रश्न विलासनंच लोकांना भारदस्त भाषेत लिहून दिले होते. लोकांनी वाचलेही नव्हते, विश्वासानं टाकले होते.

शुक्रवारी सभा. आदल्या दिवशी सुनीतानं मला मनामात गुरुप्रसादांच्या घरी पाठवलं, कारण हॉल त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होता. गुरुप्रसाद ऑफिसात होते. घरी होत्या त्यांच्या मातोश्री सत्यवतीबाई, पुण्याहून नुकत्याच व्हिजिट व्हिसावर आलेल्या. त्यांनी विचारलं, “कुणाचा रे डबा?” मला आणून देणारा ड्रायव्हर म्हणाला, “रत्नाबाईंचा,” आणि गेला.

पुढचं मी पाहत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. सत्यवतीबाईंनी माझं झाकण उघडलं, आतले कागदाचे कपटे पाहिले, “पॅकिंगचं दिसतंय,” असं म्हणाल्या आणि मला कचऱ्याच्या बादलीवर पालथं केलं. परराष्ट्र धोरण गेलं. ऊर्जा गेली. कुरडया गेल्या. मग त्यांनी मला गरम पाण्यानं धुतलं, पुसलं आणि बेसनाच्या लाडवांनी काठोकाठ भरलं. झाकणाची फट पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी वरून स्वच्छ फडकं बांधलं.

शुक्रवारी हॉल भरला. टेबलावर मधोमध मी, एका बाजूला गुरुप्रसाद, दुसऱ्या बाजूला शिवदास, दोघांसमोर पाण्याचे ग्लास, अगदी अमेरिकेसारखे. सुनीतानं फडकं सोडलं, झाकण काढलं, हात घातला आणि लाडू बाहेर काढला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. त्यावर प्रश्न लिहिलेला नव्हता.

“कट हा ह्यो!” शिवदास गरजला. “परश्न गायब केल्यानी आणि मतदारांक लाडू वाटतत!”

“हा शुद्ध अपप्रचार आहे,” गुरुप्रसाद म्हणाले. पण त्यांनी लाडू ओळखला होता. त्यांचा चेहरा बेसनासारखाच झाला.

मागच्या रांगेतून सत्यवतीबाई उठल्या. “अहो, मी भरला डबा. कागद होते ते टाकले. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली. दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवायची पद्धत आहे का तुमच्याकडे?”

 सगळ्यांनी विचार केला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तशी पद्धत कुणाकडेच नव्हती. शिवदासनंही मान हलवली. “ता मात्र खरा,” तो म्हणाला आणि निषेध म्हणून एक लाडू उचलला.

सुनीतानं टेबलावर टिचकी मारली. “हरकत नाही. ज्यांनी प्रश्न टाकले त्यांनी उभं राहून तोंडी विचारा.”

कुणी उभं राहीना. एक तर तोंडात लाडू होते. शेवटी मआमीरचा गुंडू उठला, तोच एसीवाला. “माझा ऊर्जेवर होता,” तो म्हणाला. “म्हणजे... ऊर्जा आहे, तर तिचं काय?” मग विलासकडे पाहत म्हणाला, “पुढचं काय लिवलं होतंस रे?” विलास छताकडे पाहू लागला. आणखी दोघं उठले आणि तसेच बसले. उमेदवार खुशीत आले. प्रश्नच नाहीत म्हटल्यावर दोघांकडेही सगळ्यांची उत्तरं तयार होती.

तेवढ्यात रत्नाबाई उठल्या. त्यांना आपला प्रश्न पाठ होता. इतकी वर्षं तो डोक्यात होता, कागदावर जेमतेम चार दिवस.  त्या पुढे आल्या आणि टेबलावरून मला उचलून छातीशी धरलं. मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं. माझ्या पत्र्यावर ते धडधड वाजत होतं.

“माका इचारूचा हा,” त्या म्हणाल्या, “यंदा पुऱ्यो कोण तळतलो?”

लोक हसले. गुरुप्रसादही हसले. “उत्तम प्रश्न, वहिनी. निवडून आल्यावर मी या विषयासाठी एक उपसमिती...”

“माका समिती नको. नाव सांगा.”

हसू थांबलं.

“इतकी वर्सां मी नाटक भिंतीआडसून आयकतंय,” रत्नाबाई म्हणाल्या. “बंदूक वाजली की शेवटचो घाणो काढतंय. पण कोण मेलो, ता माका अजून म्हायत नाय. मार्चात आमी गावाक चललंव. मगे कोणाक इचारू?”

“वयनी,” शिवदास हळूच म्हणाला, “मी मरतंय.”

“तू? माका वाटला तू मारतस!”

शिवदास विरघळला. छातीवर हात मारून त्यानं घोषणा केली, “यंदा पुऱ्यो अध्यक्ष तळतलो! जो निवडून येतलो तो!” टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या ऐकल्यावर गुरुप्रसादांनाही उभं राहून “मान्य” म्हणावं लागलं.

टाळ्या ओसरल्या आणि दोघांच्याही लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. त्यानंतर मित्रांनो, जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल असा प्रचार सुरू झाला. शिवदास म्हणाला, “गुरुप्रसाद हुशार माणूस. अध्यक्ष शिकलेलो होयो.” गुरुप्रसाद म्हणाले, “शिवदास तळागाळातला कार्यकर्ता आहे. त्याच्यावर अन्याय होता कामा नये.” पण शिवदास तळायला बसला, तर नाटकात मरणार कोण? हा एकच मुद्दा निर्णायक ठरला. गुरुप्रसाद प्रचंड बहुमतानं निवडून आले. त्यांच्या मातोश्रींना मत नव्हतं, तरी त्यांनी हात वर केला होता.

संक्रांत आली. रत्नाबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या मांडीवर, तिळगुळानं भरलेला. पडदा वर गेला आणि भिंतीपलीकडून पहिला घाणा सोडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं त्या तिकडून इकडचं ऐकत. आज इकडे बसून तिकडचं ऐकत होत्या.

अडचण एवढीच होती, की नाटकाचे प्रॉम्प्टरही गुरुप्रसादच होते. पीठ मळायला आईला बसवून आणि पुस्तक कढईशेजारी उघडं ठेवून ते दोन्ही कामं करत होते. सगळ्या मंडळाला नाटक पाठ होतं, फक्त नायक झालेल्या शिवदासला संवाद पाठ नसायचे. ऐकू येईल ते तो बोलायचा. त्यामुळे ऐन वियोगाच्या प्रवेशात नायिकेचा हात हातात घेऊन तो दुःखानं म्हणाला, “आई, पीठ सैल झालंय.”

“ह्या वाक्य माका नवीन हा,” रत्नाबाई माझ्या कानात पुटपुटल्या.

मग बंदूक वाजली. रत्नाबाई ताडकन उठल्या. सवय! मी मांडीवरून घरंगळलो असतो, पण त्यांनी मला धरलं. आणि मग त्यांना आठवलं, की आज आपला घाणा नाही. त्या उभ्याच राहिल्या. रंगमंचावर शिवदास सावकाश कोसळत होता. “गे बाय,” त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा ओरडल्या, “ह्यो तर खराच आमचो शिवदास मेलो!”

मेलेल्या शिवदासनं एक डोळा उघडला. “वयनी, बसा,” तो म्हणाला, “अजून आई रडाची हा.”

त्या बसल्या आणि पडदा पडेपर्यंत बसून राहिल्या. नंतर जेवणात पापडासारख्या कडक पुऱ्या आल्या, तर रत्नाबाईंनी त्या वाखाणून खाल्ल्या. गुरुप्रसादांच्या बोटाला फोड आला होता. तो त्यांनी महिनाभर लोकांना दाखवला.

मार्चमध्ये निघताना रत्नाबाईंनी मला मंडळाकडे दिलं. अर्थातच रिकामं नाही. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. फटीवर सत्यवतीबाईंचंच फडकं होतं.

मित्रांनो, आता मी मंडळाच्या कपाटात असतो, नाटकातल्या बंदुकीशेजारी. गाईचा रंग उडाला आहे. हसू तेवढं उरलंय. दरवर्षी नवा अध्यक्ष निवडून येतो आणि संक्रांतीला मुकाट्यानं कढईसमोर जाऊन बसतो. का, हे नव्या मंडळींना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, घटनेतच तसं आहे. पण हल्ली मला कुणी उघडत नाही. प्रश्न विचारायचा असला, तर लोक घरी बसून एकमेकांना विचारतात आणि घरीच त्याचं उत्तर देऊन टाकतात.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मला तेलपाणी नको, नवा रंग नको. माझ्यासारखा डबा कुठं दिसला, तर तो रिकामा ठेवू नका. त्यात तुमचा प्रश्न टाका, कितीही लहान असो. मग पुढे येऊन तो मोठ्यानं विचारा, आणि समिती सांगितली तर नाव मागा.

प्रश्न आणि लाडू दोन्ही असतील, तर लाडू वर ठेवा. निदान कुणीतरी झाकण उघडेल.